डाव्या हाताचं देणं

कंपाउंड धनुष्य घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात आधी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात आडवे पसरून उभं करतात. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप धरायची आणि येतील त्या इंचांना अडीचने भागायचं. येणारा आकडा ही साधारण त्या माणसाची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे आली की ताण पुरा होणार ते माप. माझे हात ६५ इंच भरतात, म्हणजे माझी ड्रॉ लेंग्थ २६. इथे मिशिगनमधल्या दुकानांत भिंतीवर टांगलेली धनुष्यं बहुतेक २८ ते ३० इंचांवर लावून ठेवलेली असतात, आणि तीही उजव्या हाताची. मी लिहितो उजव्या हाताने, जेवतो उजव्या हाताने, पण दोरी ओढतो डाव्या हाताने. हे डावेपण माझं जन्माचं नाही. ते मला आमच्या शेजारच्या आजोबांनी दिलं, आणि मी ज्यांना कधी भेटलोच नाही त्या त्यांच्या पत्नीने.

यंदा उन्हाळ्यात मी नवीन धनुष्य घेतलं. कुठलं घ्यावं, किती पौंडांचं, किती लांबीचं, ह्याचा विचार करायला लागलो की प्रत्येक उत्तराच्या मागे हे दोघं उभे दिसायचे. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहायला आलो तेव्हा मुलं लहान होती. शेजारचं घर एका निवृत्त टूल अँड डाय मेकरचं. मोटारीच्या कारखान्यात आयुष्यभर त्यांनी साचे घासले होते. मीही मोटारीच्याच धंद्यातला, त्यामुळे कुंपणावरून पहिलं बोलणं झालं ते प्रेस टूलबद्दल. आमच्या घरात वडीलधाऱ्या माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नाही, मुलांनी त्यांना पहिल्या दिवसापासून ‘आजोबा’ केलं. त्यांनी तो शब्द विचारून घेतला, नीट घोटला, आणि पुढे मुलांच्या वाढदिवसाच्या कार्डावर ते स्वतःची सही म्हणून तोच शब्द लिहू लागले. मीही त्यांना आजोबाच म्हणतो.

त्यांच्या मागच्या अंगणात रबरी फोमचं एक हरीण उभं असायचं आणि संध्याकाळी तिकडून ‘ठप्प’ असा आवाज यायचा. मी पाटण तालुक्यातला. माझ्या सख्ख्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरांच्या हाक्याच्या, बिबट्याच्या, रात्री गव्हाणीशी आलेल्या भेकरांच्या गोष्टी मी त्यांच्या मांडीवर ऐकल्या. पण मी कळता होईपर्यंत १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येऊन बरीच वर्षं झाली होती. शिकार आमच्या घरात गोष्टींपुरतीच उरली होती, आणि तसं झालं ते योग्यच झालं असं मला वाटतं. सह्याद्रीत तेव्हा जे उरलं होतं ते त्या कायद्यामुळे उरलं. तरीही तो ‘ठप्प’ आवाज ऐकून मी कुंपणाशी गेलो. आजोबांनी काही विचारलं नाही, फक्त फाटक उघडलं.

त्यांनी मला धनुष्याला हातही लावू दिला नाही. दोन्ही तळहात पुढे करून अंगठे आणि बोटं जुळवून मध्ये छोटी खिडकी करायला लावली. त्या खिडकीतून गॅरेजच्या दाराची मूठ बघायची, आणि नजर न हलवता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. खिडकी आपसूक त्या डोळ्यावर येते जो नेम धरतो. माझी खिडकी डाव्या डोळ्यावर येऊन बसली. त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा डावाच. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आत गेले, तळघराचा दिवा लागलेला मला खिडकीतून दिसला, आणि एक लांबट काळी पेटी घेऊन ते वर आले.

ते आजींचं धनुष्य होतं. आजी डावखुऱ्या, उंचीने माझ्याएवढ्याच. चाळीस वर्षं दोघं बरोबर शिकारीला जात. त्या गेल्यावर आजोबांनी त्यांचे कपडे दिले, गाडी विकली, ही पेटी ठेवली. विकत मागणारे आले होते, पण डाव्या हाताचं आणि इतक्या आखूड मापाचं धनुष्य कुणाला चालणार, असं सांगून त्यांनी परत पाठवलं होतं. दोरी त्यांनी बदलून घेतली, कारण वापरात नसलेल्या दोरीवर विश्वास ठेवायचा नसतो. मग ते माझ्या हातात दिलं. मी ओढलं. दोरी गालाला जिथे लागायची तिथे लागली, नाकाचं टोक दोरीला जिथे टेकायचं तिथे टेकलं. एकही स्क्रू फिरवावा लागला नाही.

“सोडू नकोस,” ते म्हणाले. “बाण लावलेला नाही. परत आण.”

धनुष्याच्या बाबतीत मला त्यांनी दिलेली पहिली सूचना ही. कंपाउंडमध्ये ओढताना हाताने घातलेला जोर वाकलेल्या लिंबांत साठतो. लिंब म्हणजे धनुष्याच्या दोन्ही बाजूंच्या लवचीक पट्ट्या. बाण असेल तर तो जोर बाण घेऊन जातो. बाण नसेल तर त्याला जायला जागा नसते, तो धनुष्यातच फुटतो. दोरी तुटते, कॅम म्हणजे टोकांची चाकं वाकतात, पट्टी चिरते, कधी डोळ्याला इजा होते. म्हणून ओढलं की हळूहळू परत न्यायचं. हे परत नेणं मला सोडण्याच्या कितीतरी आधी शिकवलं गेलं, आणि पुढे कळलं की सगळी विद्या तिथेच होती.

पुढचं शिक्षण सावकाश झालं. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीच्या परवान्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, तो केला. धनुष्याने हरणाच्या शिकारीचा मोसम १ ऑक्टोबरला उघडतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीवाले येतात तोवर रान तसं शांत असतं. पहिल्या मोसमात आजोबांनी मला मचाणावर बसवलं, हार्नेस स्वतः ओढून बघितला, आणि धनुष्य गाडीतच ठेवायला लावलं. नुसतं बस आणि बघ. वारा कुठून येतो, हरणी आपल्या पाडसांना घेऊन कुठल्या वाटेने येते, नर आधी वाऱ्याच्या बाजूने वळसा घालून वास घेऊन मगच कसा उघड्यावर येतो. झाडावर तासन्‌तास बसल्यावर खालच्या पानांत खारीच्या धावण्याचा आवाज आणि हरणाच्या पावलाचा आवाज ह्यांतला फरक कानाला कळू लागतो. खार खडखड करते, हरीण थांबतं.

धनुष्य हातात आल्यावरही मोसमाचा मोठा भाग ओढून परत आणण्यातच जातो. पंधरा-वीस यार्डांवर हरीण आलं, ओढलं, आणि तेवढ्यात ते तोंड फिरवून आपल्याकडे वळलं. समोरून मारायचं नसतं, छातीच्या हाडामुळे बाण जिथे जायचा तिथे जात नाही. किंवा मध्ये करंगळीएवढी फांदी आहे. किंवा मागून पाडस आलं. हरणाच्या खांद्यामागे, जेवणाच्या कागदी ताटलीएवढ्या जागेत फुप्फुसं आणि हृदय असतं. हरीण पूर्ण आडवं उभं असेल किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल तरच ती ताटली आपल्याला उघडी मिळते. नसेल, तर त्या हरणाला कळूही न देता दोरी पुढे न्यायची आणि श्वास घ्यायचा. आजोबा म्हणायचे, “बाण सोडणं कुणालाही जमतं. तुला थांबता येतं का, ते मला बघायचंय.”

बाण लागल्यावरचं शिक्षण आणखी कडक. पहिल्यांदा हरणाला माझा बाण लागला तेव्हा मी मचाणावरून उतरायला निघालो, तर त्यांनी खालून हात वर करून थांबवलं. अर्धा तास. मग आधी बाण शोधायचा, हरीण नाही. तो पानांत रुतून उभा होता. आजोबा गुडघ्यांवर बसले, तो बोटांत धरून उजेडाकडे फिरवला, पिसांवरचं रक्त अंगठ्याने पसरवून मला दाखवलं. गुलाबी, आणि त्यात बारीक बुडबुडे. फुप्फुस. गडद, काळपट असतं तर यकृत, आणि मग कित्येक तास थांबायचं. हिरवट आणि वास येणारं असतं तर पोट, आणि मग रात्रभर रानात पाऊल घालायचं नाही, कारण उठवलेलं जखमी जनावर मैलभर जाऊन हालहाल होऊन मरतं. त्यांनी खिशातून टॉयलेट पेपरची गुंडाळी काढली. रक्ताचा थेंब दिसला की त्याच्या वरच्या फांदीवर एक तुकडा. मागे वळून त्या पांढऱ्या तुकड्यांची रांग बघितली की जनावराची दिशा कळते. हरीण साठ-सत्तर पावलांवर पडलेलं होतं. परत येताना आजोबांनी सगळे तुकडे गोळा करून खिशात घातले. मग मला हरणाच्या मानेवर हात ठेवायला सांगितला आणि स्वतः टोपी काढून उभे राहिले. कुठल्याही धर्माचं काही म्हटलं नाही.

हिवाळ्यात, बर्फामुळे कुणी कुठे जात नसे तेव्हा, त्यांच्या तळघरात बाणांना पिसं चिकटवताना आजोबा गोष्टी सांगत. इशीची गोष्ट मी त्यांच्याकडून ऐकली. १९११च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ, एका कत्तलखान्यापाशी, उपाशी आणि एकटा एक आदिवासी माणूस सापडला. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी मारून संपवलेल्या ‘याही’ नावाच्या लोकांतला तो शेवटचा. स्वतःचं नाव त्याने कुणालाच सांगितलं नाही, अभ्यासकांनी त्याला इशी म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवलं होतं, आणि शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद होते. इशीवर उपचार करता करता हे डॉक्टर त्याचे शिष्य झाले. ज्युनिपरच्या लाकडाला हरणाचे स्नायुतंतू चिकटवून धनुष्य कसं करायचं, काच फोडून बाणाचं टोक कसं घडवायचं, शिकारीच्या आदल्या दिवशी तंबाखू आणि मासे का टाळायचे, पहाटे अंघोळ का करायची, सशाचा आवाज काढून प्राणी जवळ कसे बोलवायचे, हे सगळं तो शिकवत गेला. १९१६मध्ये क्षयाने इशी गेला. पोपनी १९२३मध्ये पुस्तक लिहिलं, त्यांचे मित्र आर्ट यंग ह्यांनी अलास्कातल्या धनुष्याच्या शिकारीची फिल्म केली, ती घेऊन ते डेट्रॉइटला आले, आणि ती बघणाऱ्यांत फ्रेड बेअर नावाचा मोटारीच्या कारखान्यात काम केलेला एक तरुण होता. पुढे बेअरने मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला धनुष्यांचा कारखाना घातला. १९३७मध्ये मिशिगनमध्ये धनुष्यासाठी वेगळा मोसम सुरू झाला, त्यासाठी झटणाऱ्यांत बेअर होते. शेजारच्या आजोबांच्या वडिलांचं पहिलं धनुष्य ग्रेलिंगचं.

आजोबा ही गोष्ट दर हिवाळ्यात सांगत, आणि दर वेळी एकाच जागी थांबत. “ज्याची सगळी माणसं आमच्या माणसांनी मारली, त्याने आम्हाला हे शिकवलं,” असं म्हणून ते हातातलं पीस चिमटीत धरून बसत. ह्यावर मी काय बोलणार? मला हेही शिकवलं गेलं आहे, असं तेव्हा जाणवायचं. विद्या कुणाकडून आली हे माहीत असलं पाहिजे, ते कितीही जड असो.

आमच्या मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारतं, “तू हरणं मारतोस?” प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळत नाही. आपल्याकडे मारू नये, इथे मारतो, हे कसं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बाजारात मांस आणि कातडी विकणाऱ्यांच्या बंदुकांमुळे, सबंध अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत, आणि लांडगा-प्यूमा बहुतेक भागांतून गेलेले. मिशिगनच्या रस्त्यांवर दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त गाड्या हरणांना धडकतात. संख्या परत वाढवण्यात शिकाऱ्यांच्या पैशाचा मोठा हात आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुकांवर आणि काडतुसांवर बसवलेला कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. १९७२मध्ये धनुष्यं आणि बाणही त्यात आणले गेले, ११ टक्क्यांनी. त्या विधेयकाला ज्या दोघांचं नाव आहे ते जॉन डिंगेल आणि फिलिप हार्ट, दोघेही मिशिगनचेच. ज्या वर्षी माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक कायमची खुंटीला लागली, त्याच वर्षी इथे धनुष्य घेणाऱ्याने रानाचं देणं द्यायचं ठरलं. मला हे दोन्ही कायदे एकमेकांच्या विरोधातले वाटत नाहीत. जिथे जनावर संपत आलंय तिथे हात आवरायचा, जिथे उदंड झालंय तिथे मोजून घ्यायचं आणि त्याची किंमत भरायची. आमच्याकडे वर्षाला जे हरीण येतं ते आम्ही पूर्ण खातो. खिम्याला आलं-लसूण, काळा मसाला, आणि थोडं खोबरं भाजून. आजोबांना हा खिमा भाकरीबरोबर आवडतो.

आता नव्या धनुष्याकडे येतो. आजींचं धनुष्य मी वर्षानुवर्षं वापरलं. ह्या वसंतात दोरी बदलायला दुकानात दिलं. तिथल्या कारागिराने कापसाचा बोळा घेतला आणि वरच्या लिंबाच्या कडेवरून हलकेच फिरवत नेला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. डोळ्याला तिथे काहीच दिसत नव्हतं. नखाने चाचपलं तर केसाएवढी एक कड लागली. फायबरग्लासचा पदर सुटायला लागला होता. त्याने धनुष्य प्रेसमध्ये घालायला नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं, ताणाखाली असा लिंब फुटला तर माणूस जखमी होतो. इतक्या जुन्या धनुष्याचे सुटे लिंब आता मिळत नाहीत.

मी ती बातमी घेऊन आजोबांकडे गेलो. ते आता घरी नसतात, वीस मिनिटांवरच्या वृद्धांच्या निवासात असतात, वय ८६. ऐकू कमी येतं, हात थरथरतात, डोकं साच्यासारखं अचूक. त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, “कुठल्या बाजूला? वरच्या? बाहेरच्या कडेला?” मी हो म्हटलं. “तिथे ते एकदा खडकावर आपटलं होतं. ती पडली होती, तिने ते वर धरलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.” मग म्हणाले, “भिंतीवर लावू नकोस. दोरी काढून टाक. आणि नवीन घे. मला विचारल्याशिवाय घेऊ नकोस.”

आज धनुष्याच्या बाजारात सगळा बोलबाला वेगाचा आहे. प्रत्येक कंपनी आकडा छापते, ३३०, ३४०, ३५० फूट दर सेकंद. पण हा आकडा कशावर मोजलेला असतो? ३० इंचांची ड्रॉ लेंग्थ, ७० पौंडांचा ताण, आणि ३५० ग्रेनचा हलका बाण. मी २६ इंचांचा माणूस. दर इंचाला दहाएक फूट वेग कमी होतो, तिथेच चाळीस गेले. पन्नाशीनंतर माझा खांदा आखडला होता, तो सुटला पण पूर्वीचा राहिला नाही, म्हणून ताण ७० नाही, ५५. शिवाय मी बाण जड वापरतो, ४२० ग्रेनचा, पुढे स्थिर पात्याचं टोक, म्हणजे ब्रॉडहेड. हे सगळं धरलं तर ३४०चं धनुष्य माझ्या हातात २४०च्या आसपास येतं. आणि तेवढं हरणाला भरपूर होतं. इशीचं धनुष्य चाळीस-पंचेचाळीस पौंडांचं होतं. आखूड हाताच्या माणसाने वेगाच्या मागे लागलं तर तो ताण वाढवतो, बाण हलका करतो, आणि मग थंडीत ओढताना धनुष्य आकाशाकडे करून झटका देतो. समोरचं हरीण तेवढ्यात पसार झालेलं असतं.

आजोबांनी परीक्षा सांगितली होती, ती मी दुकानात केली. खुर्चीवर बसायचं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे, धनुष्य सरळ समोर धरायचं आणि वर-खाली न करता ओढायचं. जमलं तर तो ताण आपला. मग ओढलेल्या अवस्थेत मनात सावकाश साठ मोजायचे. मग परत आणायचं, एकही धक्का न बसता.

तीन धनुष्यं माझ्यासमोर ठेवली गेली. डाव्या हाताची होती म्हणून तीनच. विस्कॉन्सिनमधल्या स्पार्टाचं मॅथ्यूज, सॉल्ट लेक सिटीचं हॉइट, आणि आता फ्लोरिडात गेलेल्या बेअरचं. कारागिरी तिन्हींची अशी की जुन्या टूल-मेकरने हात फिरवून मान डोलवावी. कंपाउंडचं मूळ तत्त्व मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनचं, त्याचं पेटंट १९६९चं. टोकांना अशी चाकं लावायची की ती फिरत गेल्यावर मध्यावर जोर सर्वांत जास्त लागावा आणि शेवटी तो एकदम उतरावा. साध्या धनुष्यात जितकं ओढाल तितकं जड होत जातं, इथे शेवटी हात हलका होतो. आजींच्या धनुष्यात हा उतार, ज्याला लेट-ऑफ म्हणतात, ६५ टक्क्यांचा होता. म्हणजे ५५ पौंडांवर मी १९ पौंड धरून बसायचो. आताच्या धनुष्यांत ८५ टक्के मिळतो, हातात सव्वाआठ पौंड उरतात. हरीण झाडाआड थांबलंय आणि आपण ओढून बसलोय, तेव्हा ह्या अकरा पौंडांचा अर्थ कळतो. थांबायची ताकद ह्या नव्या यंत्राने मला परत दिली, आणि मी त्याबद्दल ह्या इंजिनियरांचा मनापासून आभारी आहे.

तिन्हींपैकी एकाचा नेम अप्रतिम लागत होता, पण परत आणताना मध्यावर ते हातातून पुढे उडी घ्यायचं. वेगासाठी घडवलेल्या कॅमचा तो स्वभाव असतो. दुसरं सगळ्याच बाबतीत चांगलं, पण त्याची मूठ माझ्या तळव्याला जाड पडत होती, आणि मूठ जाड पडली की मनगट पिळतं, मनगट पिळलं की बाण बाजूला जातो. तिसरं घेतलं. कॅमच्या टोकापासून टोकापर्यंत ३० इंच, मचाणावर फांदीला न लागणारं. लांब हातांच्या माणसाला एवढ्या आखूड धनुष्यावर दोरीचा कोन नाकापाशी फार तीव्र होतो, मला आखूड हातामुळे तो बरोबर बसला. ड्रॉ लेंग्थ ठरवणारं मॉड्यूल २६ वर. दुकानदाराला नवल वाटलं की मी वेग एकदाही मोजून मागितला नाही. बाराशे डॉलरच्या वर बिल झालं. साताऱ्याला भाचीला फोटो पाठवला, तर तिने उलट प्रश्नांचा भडिमार केला, लेट-ऑफ किती, स्टॅबिलायझर कुठला. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले तेव्हापासून तिथल्या शाळकरी पोरांना ही भाषा येते. ओजसने अंतिम फेरीत १५०पैकी १५० केले होते. माझ्या लहानपणी पाटणात धनुष्य म्हणजे दसऱ्याच्या आधी बांबूचं केलेलं.

आजींच्या धनुष्यावरून एक गोष्ट मी काढून नव्यावर चढवली. मनगटात अडकवायचा पट्टा, जो बाण सुटल्यावर धनुष्य हातातून पडू देत नाही. तपकिरी आणि नारिंगी दोरीचा, आजींनी स्वतः विणलेला. नारिंगी आता विटकरी झाला आहे. दुकानातल्या कारागिराने नवा पट्टा फुकट देऊ केला होता. मी नको म्हटल्यावर त्याने न विचारता जुन्या पट्ट्याचा स्क्रू स्वतः बसवून दिला.

निवासात शस्त्र नेता येत नाही. म्हणून मी आजोबांना कागद नेऊन दाखवला. नवीन धनुष्य लावताना चौकटीत ताणलेल्या कागदातून दोनएक यार्डांवरून बाण मारतात. बाण सरळ जात असेल तर भोक एकच पडतं, भोवती तीन पिसांच्या चिरा. वाकडा जात असेल तर कागद फाटतो, आणि कुठल्या बाजूला फाटला त्यावरून चूक कुठे, रेस्टमध्ये, म्हणजे बाणाच्या टेकूत, की दोरीवर, ते कळतं. दुकानात आम्ही बरेच कागद फाडले होते, हा शेवटचा, मला आणि कारागिरालाही पुरेसा चांगला वाटलेला. आजोबांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांनी दाबून धरला, म्हणजे थरथर थांबते. नाक काचेला लागेपर्यंत जवळ गेले.

“पिसं वर गेलीत.”

मी म्हटलं, अगदी थोडी, जेमतेम दिसण्याइतकी.

“ब्रॉडहेड लावलंस की ती जेमतेम चार बोटं होतील. रेस्ट केसभर वर घे. दोरीला हात लावू नकोस, आधी रेस्ट.” मग त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात सारली आणि घड्याळाकडे बघितलं. “सहापर्यंत उघडं असतं ते दुकान. आत्ता निघालास तर पोचशील. आणि नवीन कागद घेऊन ये, जेवणाआधी.”